पायऱ्यांच्या गल्लीची खबरबात

२ एप्रिल, रविवार

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. सोबतची पाकिटंही मिळाली, तुझा पत्ता छापलेली, वर तिकिटं डकवलेली. पोस्टमन म्हणाला, "ताई, एवढी पाकिटं? घरात लग्न आहे का?" मी म्हटलं, भाऊ आहे माझा, त्याला आमची काळजी वाटते. त्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं, की माझं बोलणं मलाच नव्याने ऐकू आलं.

आम्ही बरे आहोत. तू, तुझी बायको आणि लेक बरे असाल. लेकीचा खोकला थांबला का ते कळव.

ऊन म्हणशील तर एप्रिल लागायच्या आत मे येऊन बसलाय. धुलाईच्या कारखान्यात मी अजून त्याच रोलरवर आहे. या टोकाला मी, त्या टोकाला माझी जोडीदारीण, मधे लॉजवाल्यांची नाहीतर दवाखान्याची ओली चादर. ती वाळून निघते तोवर आम्ही भिजून निघतो. मालकाने त्याच्या काचेच्या थंड खोलीबाहेर तापमापक लावलाय. बेचाळीसच्या वर गेलं की काम थांबवायचं, असा नियम आहे. तो मेला एक्केचाळीसवर जो अडकलाय तो हलायला तयार नाही. जोडीदारीण म्हणते, मालकाने त्यालाही पगार चालू केला असणार. आता गेल्या सोमवारपासून पहाटे चार ते अकरा एवढंच काम. दुपारचे तास गेले, तसे त्यांचे पैसेही गेले.

तुझ्या दाजींचं मागे लिहिलं होतं तेच चालू आहे. गेल्या मे महिन्यात बांधकामाच्या परांचीवर कोसळले त्यानंतर डॉक्टरांनी ऊन बंद म्हणून सांगितलंय. गल्लीत आम्ही कंबर धरली म्हणून सांगितलं. गवंड्याला ऊन सोसत नाही हे एकदा कळलं की पुन्हा कुणी कामावर बोलवत नाही. हे फक्त तुला ठाऊक आहे, तुझ्यापाशीच ठेव.

आता गल्लीची खबर, तू मागतोस म्हणून. आपल्या गल्लीला लोक काय नावं ठेवायचे ते आठवतं ना? ज्याला खाली जागा मिळत नाही तो वर चढतो. एकशे बेचाळीस पायऱ्या, आणि पाण्याचा नळ मधल्या टप्प्यावर. पण लागोपाठ दोन पावसाळे नदी खालच्या बंगल्यांत शिरली, आणि उन्हाळ्यात खाली पान हलत नाही. वर मात्र वारा असतो. एवढी वर्षं आमच्याकडे तेवढाच होता, म्हणून कुणाला दिसला नाही. आता मोठ्या लोकांना दिसायला लागलाय. पायथ्याशी बिल्डरचा एक फलक लागलाय, त्यावर आपल्याच टेकडीचं चित्र. झाडं आहेत, गच्च्या आहेत, आरामखुर्च्या आहेत. नळ नाही, आणि आम्ही नाही.

त्यांचा एक माणूस येतो. काळी छत्री, घडीची पँट, बोलणं तुपासारखं. आम्ही त्याला छत्रीवाला म्हणतो. तो घरं विकत मागतो. मागू दे, मागायला काय जातं. पण तो बरोबर दुखऱ्या जागी येतो रे! चावीवाल्याचं खालचं दुकान पुरात गेलं आणि तो बायकोशी गावी परतायचं बोलायला लागला, तर आठच दिवसांत छत्रीवाला दारात. चावीवाला विकून गेलासुद्धा. मग आपल्या मास्तरीणबाई पायरीवरून घसरल्या. शेजारच्या मला सोडून कुणाला त्यांनी सांगितलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात हा हजर. "बाई, या वयात पायऱ्या सोसत नाहीत हो." सत्तर वर्षांची बाई, तिने त्याला छत्रीसकट उलट्या पावली पाठवलं, तो भाग वेगळा.

कुठेतरी पाणी मुरतंय. गल्लीतलंच कुणीतरी त्याच्या कानाला लागलंय. माझा संशय शिंपीकाकांवर आहे. दिवसभर दारात मशीन घेऊन बसतात, येणारा जाणारा त्यांच्या नजरेखालून जातो. छत्रीवाला त्यांच्याकडे बटण लावून घ्यायला बसतो. एका माणसाच्या शर्टाला बटणं तरी किती असतील? आणि त्यांच्याकडे परवा नवा पंखा आला. कुठून आला?

तुझे दाजी मात्र भलतंच बोलतात. म्हणतात, "आठ वर्षं झोपलेले आमचे मेहुणे एकदम जागे कसे झाले? जागे झाले, की जागेसाठी झाले?" मी त्यांना चांगलंच खडसावलं. माणसाला उशिरा का होईना, माया येते.

तू विचारलंस म्हणून सांगते, कंडक्टरचं घर त्याच्या नावावर नाही, मेलेल्या बापाच्याच नावावर आहे अजून. तुझं लक्ष किती बारीक असतं! आईच्या घराचं दुसरं जे विचारलंस त्याबद्दल पुढच्या वेळी लिहीन.

तुझी,
ताई


२८ एप्रिल, शुक्रवार

प्रिय धाकट्या,

सगळे खुशाल असाल. इकडे चव्वेचाळीस झालं होतं काल, दवाखान्याच्या तापमापकावर. आमच्यावर एक्केचाळीसच. जोडीदारिणीला रोलरपाशी भोवळ आली. मालकाने तिला पाच मिनिटं काचेच्या खोलीत बसवलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, आत स्वेटर घालून बसलाय तो." आम्ही दोघी हसलो. मग तिला रडू यायला लागलं.

पत्राला उशीर झाला, कारण इकडे बरंच घडलं.

मागचं पत्र टाकून दहा दिवस झाले नसतील, छत्रीवाला कंडक्टरकडे गेला. म्हणाला, बापाच्या नावावरची घरं पुढे अडचणीत येणार, आत्ता दिलंत तर आम्ही सगळं निस्तरू. कंडक्टर पांढराफटक. त्याने बयाणा घेऊन सही करून टाकली आणि मग नळावर येऊन रडायला लागला. लोक चिडले. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघायला लागला. तुला सांगते, नळावर हंडा भरेपर्यंतसुद्धा कुणी कुणाशी बोलेना. काही सांगावं आणि ते उद्या छत्रीखालून आपल्याच दारात यावं, ही भीती.

रविवारी सकाळी सगळे नळापाशी जमले. कंडक्टर म्हणाला, "कोण आहे तो, समोर येऊ दे." मग मी बोलले. सगळ्यांच्या मनात होतं, माझ्या तोंडात आलं.

मी म्हटलं, "शिंपीकाका, तो माणूस तुमच्याकडे बसून काय बोलतो?"

काका म्हणाले, "बटण लावतो मी त्याचं. पाणी मागतो, देतो. उन्हातून आलेला माणूस, देऊ नये का?"

"आणि पंखा कुठून आला?"

काकू बोलायला उठल्या तर काकांनी त्यांना हाताने खाली बसवलं. एवढंच म्हणाले, "तू लहान होतीस तेव्हा तुझा पहिला फ्रॉक मी शिवलाय. तू विचारतेस?" मी म्हटलं, फ्रॉकचं काय ते बोलू नका, पंख्याचं बोला.

ते उठून गेले. उत्तर असतं तर माणूस देतो की नाही? तूच सांग.

त्यानंतर लोकांनी त्यांच्याकडे कपडे टाकणं बंद केलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं तसं. नळावर काकूंचा हंडा मागे सरकवतात, म्हणून त्या दुपारी येतात, कुणी नसतं तेव्हा, भर उन्हात. त्यांना हल्ली चक्कर येते म्हणे. मास्तरीणबाई माझ्यावर रागावल्यात. म्हणाल्या, "पुरावा काय तुझ्याकडे?" मी म्हटलं, बाई, शाळा सुटली आता. तर म्हणाल्या, "तुझी सुटलेली दिसते." त्यांना काय, त्यांचा स्वभावच तसा.

आता खरी गोष्ट. काल छत्रीवाला आमच्याकडे आला. मी नुकतीच कामावरून आले होते. दाजी आतल्या खोलीत पडले होते. तो उंबऱ्यावर बसला, घाम पुसला आणि म्हणाला, "ताई, दाजींना डॉक्टरांनी ऊन वर्ज्य सांगितलंय ना? एकटीच्या कमाईवर किती दिवस ओढाल?"

मी त्याला विचारलं, कोण म्हणालं? तर हसला. "गल्लीत कळतंच हो सगळं."

गल्लीत आम्ही कंबर म्हणून सांगितलंय. शिंपीकाकांनाही कंबरच माहीत आहे. त्यांनी एकदा कमरेला बांधायला जाड पट्टा शिवून दिला होता, फुकट.

तो गेल्यावर दाजींनी आतून विचारलं, काय गं? मी म्हटलं, काही नाही.

धाकट्या, तू नेमकं काय काम करतोस रे? ऑफिसात आहे असं म्हणालास, पण कसलं ऑफिस ते कधी लिहिलं नाहीस. सहज विचारते.

घराच्या सहीसाठी तू पाठवलेल्या कागदाचं म्हणशील तर माझा चष्मा सापडत नाहीये. सापडला की बघते.

ताई


१४ मे, रविवार

प्रिय धाकट्या,

तुझं छोटंसं पत्र मिळालं. कामाबद्दल तू लिहिलंस, "कागदपत्रांचं काम आहे, तुला कंटाळा येईल." बरं. नाही विचारत.

चष्मा सापडला. कागदही वाचला. आईचं घर आपल्या दोघांच्या नावावर आहे हे मी विसरले नव्हते, पण कुणी असं छापून समोर ठेवलं की वेगळंच वाटतं. "फक्त खाली सही कर, बाकी मी बघतो," असं तू लिहिलंयस. लहानपणी तुझा हात धरून तुला अक्षरं गिरवायला मी शिकवलं, म्हणून तुझी अक्षरं मला चांगली वाचता येतात. सहीचं बघू. घाई कशाला?

इकडची खबर अशी, की शिंपीकाका आणि काकू गेल्या बुधवारी गेले. घर विकलं. खाली, बाजारामागच्या बोळात खोली घेतली म्हणतात. जाताना मशीन काकांनी स्वतः डोक्यावर घेतलं, कुणी हात लावला नाही. मीही दारात उभी होते. काकूंनी जाताना माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

असो. एक खास बातमी आहे, तुझ्यापुरतीच. मास्तरीणबाई थकल्या. वरवर कडक आहेत, पण मला म्हणाल्या, भाचीकडे जायचं ठरवलंय. विकायचंच आहे, पण लोक हसतील म्हणून बोलत नाहीत. कुणी गुपचूप येऊन विचारलं तर हो म्हणतील. पंचवीस तारखेला, गुरुवारी सकाळी नऊच्या आत त्या एकट्याच असतात. बाईंचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक हट्ट, आणि हट्टही आता थकलाय.

बिचाऱ्या. कुणाला सांगू नकोस.

लेकीला गोड पापा. तिच्या खोकल्याचं तू लिहिलं नाहीस या वेळी.

तुझी,
ताई


११ जून, रविवार

धाकट्या,

मास्तरीणबाईंना भाची नाही. त्यांना कुणीच नाही. ती खबर मी बनवून लिहिली होती, आणि ती तुझ्याखेरीज कुणालाही सांगितली नव्हती. बाईंना ती आदल्या दिवशी कळली, आणि दाजींना तर त्या गुरुवारी सकाळीच.

ते पत्र टाकल्यावर अकरा दिवस मी देवाला एकच मागत होते, की छत्रीवाला येऊ नये. तो आला नसता तर मी स्वतःला शंभर शिव्या दिल्या असत्या, तुला साष्टांग नमस्कार घातला असता आणि तुझ्या कागदावर डोळे मिटून सही केली असती. खरं सांगते.

पंचवीस तारखेला मी कामावर खाडा केला. मी आणि दाजी बाईंच्या आतल्या खोलीत बसलो. बाईंना आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्या मला काही बोलल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "आलाच तर त्याला आधी पाणी देईन. मग तुझं काय ते कर." साडेआठला पायऱ्यांवर छत्रीचं टोक टेकवल्याचा आवाज आला.

त्याने पाणी घेतलं, बसला आणि म्हणाला, "बाई, भाचीकडे जायचं ठरवलंत ते बरं केलंत."

बाई म्हणाल्या, "कुठल्या भाचीकडे? मला पत्ता द्या, मीही शोधते."

तेव्हा आम्ही बाहेर आलो. दाजींनी दार लोटलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. मी त्याला म्हटलं, तुमच्या हातातला कागद दाखवा. वाटलं होतं आरडाओरडा करेल. त्याने मुकाट्याने दिला. म्हणाला, "मला दर सोमवारी वरून येतो, ताई. मी फक्त पायऱ्या चढतो." त्याच्या शर्टावर घामाचं मीठ वाळलं होतं. उन्हात हिंडणारा तोही, आमच्यासारखाच. पण त्यावरून मला त्याची दया आली नाही.

कागदावर आपल्या गल्लीतली घरं ओळीने होती. घर, माणसं, नाव कुणाचं, आणि शेवटी रकाना: अडचण. सगळ्या अडचणी माझ्याच शब्दांत होत्या. बाईंपुढे लिहिलं होतं, "हट्टही आता थकलाय." दाजींपुढे, "ऊन बंद, बायको एकटी कमावते." चावीवाल्याचं, कंडक्टरचं, सगळं. आठ महिने मी रविवारी बसून, पदराने घाम टिपत, भाऊ वाचेल म्हणून जे लिहीत होते, ते कुणीतरी टंकून असं उभं केलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आई म्हणायची. गल्लीतला फितूर मी गल्लीभर शोधला. तो मीच होते.

शिंपीकाकांपुढे काय होतं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. "बायकोला चक्कर. गल्लीने वाळीत टाकलंय. आत्ताच विचारावं." पहिल्या दोन गोष्टी माझ्या पत्रातून. "आत्ताच विचारावं" हे माझं नाही. ते पेनाने बाजूला लिहिलं होतं, आणि त्यातला 'च' तू अजूनही पहिलीतल्यासारखाच काढतोस.

छत्रीवाल्याला दाजी म्हणाले, हा कागद मिळणार नाही परत. तो म्हणाला, "ठेवा. मला दुसरा मिळेल." छत्री उघडली आणि गेला.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला दोन रविवार लागले.

त्या दिवशी मी तशीच खाली जायला हवं होतं, शिंपीकाकांकडे. चूक कळली होती, पत्ता विचारला असता तर मिळाला असता, पायही धड होते. गेले नाही. काय तोंडाने जाऊ, म्हणत राहिले. कामावर गेले, पाणी भरलं, दाजींना औषध दिलं. दहा दिवस. गेल्या रविवारी, चार तारखेला, मास्तरीणबाई म्हणाल्या, "तू जात नसशील तर मी जाते," आणि काठी घेऊन पायऱ्या उतरायलाच लागल्या. मग मी गेले त्यांना धरून.

बाजारामागचा तो बोळ तू पाहिला आहेस की नाही, मला माहीत नाही. एका बाजूला खोल्या, दुसऱ्या बाजूला लॉजची मागची भिंत. त्या भिंतीवर एसीच्या पेट्या आहेत, मी मोजल्या नाहीत, पण वरपासून खालपर्यंत आहेत, आणि त्या सगळ्यांची गरम फुंकर त्या बोळात येते. आत पाहुणे पांघरूण घेऊन झोपतात. त्याच लॉजच्या चादरी मी रोलरवर घालते. बोळात पाऊल टाकलं आणि मला वाटलं आमच्या कारखान्याचं दार उघडलं. सकाळचे दहा वाजले होते फक्त.

काका दारात मशीनवर बसले होते. आत खाट रिकामी होती.

मी विचारलं, "काकू?"

ते शिवण संपवेपर्यंत थांबले. दोरा तोडला. म्हणाले, "मंगळवारी गेली."

मंगळवार म्हणजे तीस तारीख. पंचवीसला मला कळलं होतं. मधे पाच दिवस होते, धाकट्या. तू हिशोबात हुशार आहेस.

सोमवारी दुपारी त्यांना ताप भरला, अंग कोरडं पडलं, बडबडायला लागल्या. काकांनी ओली फडकी लावली. दवाखान्यात नेलं तर बाहेर रांग होती, उन्हाने आडवे झालेल्यांची. पंखा होता का, म्हणून बाईंनी विचारलं. तर काका म्हणाले, "होता. पण तो त्या बोळातलीच हवा फिरवणार ना? गरमच." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिच्या बांगड्या मोडून घेतला होता. वर असताना चक्कर यायची तिला. नळावर चारचौघांत ते कसं सांगणार होतो?"

मी खाली बसले. पाय धरायला हात पुढे केला, तर त्यांनी पाय मागे घेतला. मी तुझं सगळं सांगितलं. पत्रं, कागद, सगळं. वाटलं होतं, निदान म्हणतील, तुझा दोष नाही, तुझ्या भावाने फसवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घर तुझ्या भावाच्या माणसांनी घेतलं. पण मला विकायला तू लावलंस." आणि मशीन चालू केलं.

हे खोटं आहे असं मला म्हणता आलं नाही. तुलाही येणार नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी नळावर उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं. तू कोण, मी काय लिहीत होते, काका निर्दोष होते, काकू कशा गेल्या. कुणी मला मारलं असतं तरी चाललं असतं. कंडक्टरची बायको थुंकली आणि हंडा न भरता गेली. बाकीचे उभे राहिले. सगळी गल्ली एक झाली असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं नाही झालं. कंडक्टर सही करून बसलाय, तो जाणारच. वरच्या टोकाची दोन घरं म्हणतात, चांगला भाव मिळाला तर आम्हीही जाऊ, वारा काय खायचाय? उरलेल्या अकरा घरांनी मात्र ठरवलंय, की छत्रीवाल्याशी कुणी एकट्याने बोलायचं नाही. बोलायचं तर नळावर, सगळ्यांसमोर. आणि काकूंचा हंडा ज्यांनी मागे सरकवला त्या बायका खाली बोळात जाऊन आल्या. काका त्यांच्याशीही फारसं बोलले नाहीत.

तुझ्यावर राग आहे का, असं तुझ्या मनात येत असेल तर सांगते. आहे. पण त्याच्या आत आणखी काहीतरी आहे, ते मला जास्त छळतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते उशीखाली ठेवलं होतं. आई गेली तेव्हा तू आला नाहीस, तेही मी मनातून पुसून टाकलं होतं. आता ती सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली. "आईची आठवण येते" असं तू सहा वेळा लिहिलंयस, आणि सहाही वेळा त्याच्या पुढच्याच ओळीत कुणाच्या तरी घराचं विचारलंयस. तरी मला अजून कळत नाही, की आठवण खोटी होती, की फक्त पुढची ओळ लिहायला तुला भाग होतं. लेकीच्या खोकल्याचं खरं होतं का? ते खरं असावं असं मला वाटतं. म्हणजे त्या पोरीला खोकला असावा असं नाही रे. काय लिहिते आहे मी.

तू तिकडे कुठल्या तरी गरम खोलीत भाड्याने राहत असशील, तुझ्याही डोक्यावर कुणी बसलेलं असेल, दर सोमवारी यादी मागणारं. तुलाही कुणी म्हणालं असेल, यांची अडचण शोध, नाहीतर तुझी आम्ही शोधू. असेलही. मला विचारायला हवं होतंस. मी तुला भाकरीतली अर्धी दिली असती. गल्ली नसती दिली.

आता कामाचं.

कागदावर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. एका वकिलीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुझा अर्धा हिस्सा तुझा आहे, त्यावर माझं काही चालणार नाही. बरोबर आहे, नाहीच चालणार. म्हणून आम्ही घराचे दोन भाग केले. आतली खोली आणि चूल माझी. पुढची खोली, आईची, जिला दोन खिडक्या आहेत आणि जिथून वारा आरपार जातो, ती तुझी.

त्या तुझ्या खोलीत परवापासून शिंपीकाका राहतात. मी बोलवलं तेव्हा आले नाहीत. दाजी तीन वेळा उतरले, सकाळी सातच्या आत, टोपीखाली ओला पंचा घेऊन, तेव्हा तिसऱ्यांदा आले. म्हणाले, उपकार नकोत, भाडं देईन. दाजी म्हणाले, भाडं मालकाला द्या, तो आला की. मशीन दाजींनी आणि मास्तरीणबाईंच्या पलीकडच्या शेजाऱ्याने मिळून वर आणलं. खिडकीपाशी ठेवलंय. लोक पुन्हा कपडे टाकायला लागलेत. काका माझ्याशी बोलत नाहीत. मी चहा ठेवते, तो गार होतो, मी उचलते. आज अर्धा प्यायले होते.

तुला तुझी खोली विकायची असेल तर तुझा हक्क आहे. पण छत्रीवाल्याला पाठवू नकोस, आणि कागदही पाठवू नकोस. तू स्वतः ये. एकशे बेचाळीस पायऱ्या चढून ये, त्या खोलीच्या दारात उभा राहा, आणि त्या माणसाला तोंडावर सांग की उठा, मला ही जागा विकायची आहे. तेवढं तू करू शकलास तर मी एका शब्दाने आडवी येणार नाही.

अकरानंतर मी घरी असते. दार वाऱ्यासाठी उघडंच असतं. तुझ्यासाठी उघडं आहे का, ते मला आज सांगता येत नाही. तू समोर उभा राहिलास की मलाही कळेल.

शेवटी काय लिहू म्हणून बराच वेळ थांबले होते. दुसरं काही सुचलं नाही, आणि दुसरं काही खरंही नाही, म्हणून

तुझीच,
ताई